इंटर्नशिपमध्ये नुसते कोन मांडतोय आणि बाटल्या भरतोय: यातून शिकायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पोर्ट्स सायन्सच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी अभ्यासक्रमातली सहा महिन्यांची इंटर्नशिप एका फुटबॉल क्लबच्या १८ वर्षांखालच्या संघाबरोबर करतोय. तीन महिने झालेत. कोन (मैदानावर खुणेसाठी ठेवायचे प्लास्टिकचे शंकू) मांडणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, जीपीएसची जॅकेटं वाटणं, परत गोळा करणं आणि संध्याकाळी एक्सेलमध्ये आकडे भरणं एवढंच काम. दर आठवड्याला तो बारा पानी रिपोर्ट करतो आणि कोच तो उघडतसुद्धा नाहीत. वर्गात शिकलेलं काहीच वापरायला मिळत नाही. विद्यापीठाला मात्र शेवटी प्रोजेक्ट आणि अनुभवाची नोंदवही हवी आहे. इंटर्नशिप बदलून मागू का, असं तो विचारतो.

निदान एवढ्या कारणासाठी तरी बदलून मागू नकोस. मी बरीच वर्षं संघांबरोबर काम करते आणि हंगामाला एखाद-दुसरा इंटर्न माझ्याकडे असतोच. तुझ्या यादीतली जी कामं तुला हलकी वाटतायत, त्यातली निम्मी तरी स्पोर्ट्स सायन्सच आहेत, फक्त वर्गात ती कोणी त्या नावाने शिकवत नाही. उरलेल्या निम्म्यांबद्दलची तुझी तक्रार रास्त आहे. तिच्याकडे नंतर येते.

जॅकेटं वाटण्याचंच घे. पाठीवर दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बसणारं ते यंत्र बहुतेक ठिकाणी सेकंदाला १० वेळा जागा नोंदवतं, आणि आतला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हिसके-धक्के मोजणारा भाग, साधारण १०० वेळा. खोलीतच चालू करून घाईघाईत पाठीवर चढवलं आणि लगेच सराव सुरू झाला, तर पहिली काही मिनिटं त्याला उपग्रह धड सापडलेले नसतात. म्हणून ते दहा-पंधरा मिनिटं आधी मैदानावर, उघड्या आकाशाखाली चालू करून ठेवायचं आणि मग वाटायचं. एका खेळाडूला कायम एकच यंत्र. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन यंत्रंसुद्धा तेच अंतर थोडं वेगळं मोजतात. आज ४ नंबरचं, उद्या ९ नंबरचं घातलं तर आठवड्यात दिसलेला फरक पोराचा की यंत्राचा, हे नंतर कोणाचा बापही सांगू शकत नाही. जॅकेट ढगळ असेल तर यंत्र पाठीवर आपटत राहतं आणि लोडचा, म्हणजे शरीरावर पडलेल्या एकूण ताणाचा, आकडा उगाच फुगतो. मैदानाच्या एका अंगाला उंच स्टँड असेल तर तिकडे आकाशाचा अर्धा तुकडा झाकला जातो आणि त्या बाजूने खेळणाऱ्या विंगरचे आकडे जास्त बिघडतात.

सराव संपल्यावर यंत्र बंद करायचं राहिलं आणि पोरगा तसाच गाडीत जाऊन बसला, तर संध्याकाळी एक्सेलमध्ये नवाच विश्वविक्रम सापडतो. उसेन बोल्ट २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग ताशी ४४ किमीच्या थोडा वर होता. तुझा १७ वर्षांचा लेफ्ट बॅक ताशी ५२ किमीने पळत असेल तर तो पळत नाहीये, कोणीतरी त्याला घरी सोडतंय. हा आकडा सहज पकडता येतो. पकडता न येणारे जास्त त्रासदायक असतात. ताशी ३१ किमीचा एखादा झटका खरा स्प्रिंट होता की सिग्नल क्षणभर भरकटला होता, हे स्क्रीनवर बघून ठरत नाही. त्या वेळी मैदानावर उभं राहून बघणाऱ्यालाच ते ठाऊक असतं. म्हणजे तुला.

म्हणून उद्यापासून खिशात एक छोटी वही ठेव. दोन नंबर उशिरा आला, ११ नंबर ३२ व्या मिनिटाला फिजिओकडे गेला आणि ४० व्या मिनिटाला परत आला, पाऊस पडून गेल्यावर मैदान जड झालं, शेवटची मॅच मध्येच थांबवली, असलं सगळं त्यात टिपून ठेव. संध्याकाळी जे आकडे भरतोस त्यांच्या शेजारच्या रकान्यात हे टाक. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की ‘लोड अचानक कमी झाला’ म्हणून ज्या ओळी लाल होतात, त्यातल्या कितीतरींचं उत्तर या रकान्यात आधीच लिहिलेलं असतं.

कोनांचंही तेच. दम तपासणारी यो-यो टेस्ट बान्ग्सबो या संशोधकांच्या नावाने तू पाठ केली असशील: २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, १० सेकंद विश्रांती, बीप जवळ जवळ येत जाणार. आता ते २० मीटर टेपने मोजायच्या ऐवजी पावलांनी मोजले आणि भरले १९.५, तर एका फेरीत एक मीटर कमी. पन्नास फेऱ्या मारणाऱ्याच्या नावावर २००० मीटर लागतात, पळालेला असतो १९५०. पुढच्या टेस्टला कोणीतरी नीट टेप लावली की तोच खेळाडू एक-दोन फेऱ्या आधी थांबतो, आणि कोचच्या मते पोराने महिनाभर हलगर्जीपणा केला. टायमिंग गेट (खेळाडू मधून गेला की वेळ नोंदवणारे खांब) असतील तर पहिल्या गेटच्या किती मागून सुरुवात करायची ते ठरवून तिथे पट्टी चिकटव. बहुतेक ठिकाणी ३० किंवा ५० सेमी ठेवतात. आकडा कुठलाही चालेल, पण कायम तोच हवा. एकाने पायाचं बोट गेटला टेकवून आणि दुसऱ्याने अर्धा मीटर मागून सुरुवात केली, तर दहा मीटरच्या वेळेत महिन्याभराच्या मेहनतीपेक्षा मोठा फरक तिथेच पडतो.

बाटल्यांमध्ये काय विज्ञान, असं तू म्हणशील. प्रत्येक बाटलीवर नाव लिही, सरावाआधी आणि नंतर बाटली वजनकाट्यावर ठेव, खेळाडूचंही वजन दोन्ही वेळा घे, अंग पुसून, त्याच कमीत कमी कपड्यांत. आधी ६८.४ किलो, नंतर ६७.३, मध्ये पाणी प्यायला ६०० मिली. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर धरलं तर घाम गेला १.७ लिटर. मध्ये लघवीला गेला असेल तर तेही लक्षात घ्यायचं. पाच-सहा गरम दिवसांचे असे आकडे जमले की कोणाला बाटलीची आठवण करून द्यायची आणि कोण उगाच गरजेपेक्षा जास्त पितोय, ते आपोआप दिसतं. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. फिजिओची किंवा तुझ्या सुपरवायझरची परवानगी मात्र लागते. आणि वजनं भिंतीवर लावायची नाहीत, चारचौघांत मोठ्याने वाचायची नाहीत. वाढत्या वयातल्या मुलांच्या वजनावर केलेली गंमत कुठवर जाते ते मी बघितलंय. खाणं कमी आणि मेहनत जास्त यातून शरीराचं काय होतं, यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये निवेदन काढलं आणि पुढे ते दोनदा सुधारलं. ते तुझ्या अभ्यासक्रमात असेलच. त्यातलं वाक्य न् वाक्य तुला याच ड्रेसिंग रूममध्ये दिसेल.

आरपीईबद्दल, म्हणजे खेळाडूला स्वतःला जाणवलेल्या मेहनतीच्या आकड्याबद्दल, एवढंच सांगते. सराव कितपत जड गेला, हे शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर विचारायचं आणि मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ६ म्हणजे ५४०. फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या लेखात मांडलेली ही पद्धत जगातल्या सगळ्यात स्वस्त साधनांपैकी आहे, आणि सगळ्यात लवकर तीच बिघडते. घोळक्यात विचारलंस की पहिला जो आकडा सांगेल तोच पुढच्या आठ जणांचा. कोचच्या कानावर पडेल असं विचारलंस की कोणीच ८ च्या वर जात नाही, कारण ‘दमलो’ म्हणणारा रविवारी बाकावर बसतो. एकेकट्याला बाजूला घे, सराव संपून अर्धा तास होत आला की विचार, आणि उत्तर ऐकून चेहरा हलवू नकोस. एखाद्याचा आकडा आठवडाभर रोज ५ येतोय असं दिसलं, तर तो मोजपट्टी न वाचताच उत्तर देतोय. त्याच्याशी दोन मिनिटं बोल. आकडा तेव्हा सुधारतो, ॲप बदलून सुधारत नाही.

आता तो बारा पानी रिपोर्ट. कोच तो का उघडत नाहीत, याचं उत्तर तुला आवडणार नाही: त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत, आणि तीसुद्धा सरावाची आखणी झाल्यावर पोचतात. रिपोर्ट सोमवारी रात्री जात असेल आणि त्यांचा आठवडा सोमवारी सकाळच्या बैठकीत ठरत असेल, तर तो वाचून त्यांनी करायचं काय? आधी हे शोध की ते निर्णय कधी घेतात. बहुतेक संघांत सरावाआधीची वीस मिनिटं खरी असतात: कोच, फिजिओ, फिटनेसवाले उभ्याउभ्याच बोलतात, आज कोणाला किती पळवायचं ते ठरतं. तुझा कागद त्या वीस मिनिटांच्या आधी हातात पडला पाहिजे, आणि तो एकच पान हवा.

त्या पानावर सरासऱ्यांचा रंगीत तक्ता टाकू नकोस. आज स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वेगळा कोण आहे, एवढंच सांग. असं काहीतरी:

‘७ नंबर: तीन दिवस झोप नेहमीपेक्षा कमी. उजवी मांडी मागून ताठ वाटते म्हणतो. फिजिओंनी सकाळी पाहिलं, सराव करायला हरकत नाही म्हणाले. शेवटची वेगाने पळायची फेरी त्याला आज कमी द्यायची का?’

तीन-चार ओळी, शेवटी प्रश्नचिन्ह. निर्णय त्यांचा आहे. तू फक्त तो घ्यायला लागणारी माहिती वेळेवर पोचवतोस. असा कागद सलग काही दिवस गेला की एके दिवशी कोच आपणहून विचारतात, ‘३ नंबरचं काय?’ त्यांच्याकडून आलेला तो पहिला प्रश्न वहीत तारीख टाकून लिही. तुझ्या प्रोजेक्टचा विषय कदाचित त्यातच असेल.

रिपोर्टमध्ये तू लाल-हिरव्या रंगात चालू आठवड्याच्या लोडला मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागतोस, असाही माझा अंदाज आहे, कारण हल्ली सगळेच विद्यार्थी ते करतात. संशोधक गॅबेट यांच्या २०१६ च्या लेखानंतर ०.८ ते १.३ सुरक्षित आणि १.५ च्या वर धोका, हे आकडे भराभर पसरले. त्यावर पुढे बरीच टीका झाली. एक तर चालू आठवडा खालच्या सरासरीतही मोजला जातो, त्यामुळे दोन आकड्यांचं नातं थोडंफार गणितातूनच तयार होतं. दुसरं, एखाद्या पोराचं गुणोत्तर १.५ च्या वर गेलं म्हणून तो जखमी होणार, असं एका माणसाबद्दल सांगण्याएवढी ताकद त्या आकड्यात नाही. लोड एकदम वाढवू नये हा मुद्दा शहाणपणाचाच आहे, तो ठेव. पण कोचला १.५२ आणि १.४८ मधला फरक लाल-हिरव्यात दाखवलास तर अनुभवी माणूस तुझ्यावरचा विश्वास तिथेच सोडून देतो, आणि त्याचं चुकत नाही.

प्रोजेक्टकडे येते, कारण उरलेल्या तीन महिन्यांत यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावीस असं मला वाटतं. विद्यार्थी मोठे विषय घेतात: ‘लोड आणि दुखापती यांचा संबंध’. बावीस मुलं, तीन महिने, दुखापती होणार चार-पाच. त्यातून काहीही सिद्ध होत नाही आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं. त्याऐवजी एकच चाचणी घे आणि ती तुझ्या हातून, या मैदानावर, या मुलांवर कितपत भरवशाची आहे ते मोज.

उदाहरणार्थ काउंटरमूव्हमेंट जंप, म्हणजे हात कमरेवर ठेवून, पटकन खाली बसून सरळ वर मारायची उडी. क्लबकडे फोर्स प्लेट (पायांचा जोर मोजणारी पाटी) नसेल आणि जंप मॅट असेल, तर मॅट उडीची उंची मोजत नाही, हवेतला वेळ मोजते. उंची त्यावरून काढतात: वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८. हवेतला वेळ ०.५० सेकंद असेल तर उंची ३०.७ सेमी. आता तोच खेळाडू उतरताना गुडघे जरा दुमडून उतरला आणि पाय मॅटला २० मिलिसेकंद उशिरा लागले, तर वेळ ०.५२ आणि उंची ३३.२ सेमी. उडी तेवढीच, आकडा अडीच सेंटीमीटरने वाढला. मुलांना हे तुझ्याआधी कळतं. एकाला युक्ती सापडली की आठवड्याभरात संघाची उडी ‘सुधारते’, आणि फिटनेसवाले खूश होतात.

त्यामुळे आधी सूचना ठरव आणि रोज शब्दशः तीच दे. वॉर्म-अप तोच, बूट तेच, दिवसाची वेळ तीच. हात कमरेवरून सुटला तर उडी रद्द. उतरताना गुडघे दुमडले तर रद्द. फोर्स प्लेट असेल तर उडीआधी निदान एक सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायला लाव, कारण वजन त्या सेकंदात मोजलं जातं आणि पुढचं सगळं गणित त्या वजनावर उभं असतं.

मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने, मध्ये जड सराव येणार नाही असं बघून, त्याच मुलांची चाचणी दोनदा घे. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढ, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढ आणि दोनच्या वर्गमुळाने भाग. ही तुझी टिपिकल एरर, म्हणजे मोजण्यातला नेहमीचा गोंधळ. समज फरकांचं डेव्हिएशन २.१ सेमी आलं, तर एरर १.५ सेमी. दुसरीकडे, किती बदल खरोखर दखल घेण्याजोगा, यासाठी क्रीडा-संख्याशास्त्रातले विल हॉपकिन्स यांचा एक ढोबळ नियम सर्रास वापरतात: खेळाडू-खेळाडूंमधल्या डेव्हिएशनचा पाचवा हिस्सा. संघाचं डेव्हिएशन ५ सेमी असेल तर १ सेमी. म्हणजे जो बदल तुला पकडायचाय तो १ सेमीचा, आणि तुझ्या मोजण्यातला गोंधळ १.५ चा. त्यावर कोणी म्हणालं, ‘६ नंबरची उडी परवापेक्षा २ सेमीने घसरली, त्याला आज बसवू’, तर तुझ्याकडे उत्तर असेल: काहीही झालेलं नसताना एवढी घसरण साधारण सहात एकदा अशीच दिसते, अजून एक दिवस बघू.

पुढे हेही तपासता येईल की एका उडीऐवजी तीन उड्यांची सरासरी घेतली तर एरर किती कमी होते. त्याच दिवशीचा गोंधळ सरासरीने कमी होईल. एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी असलेला फरक मात्र कितीही उड्या मारून घेतल्या तरी जाणार नाही. हे दोन वेगळे दाखवलेस तर प्रोजेक्ट पदवीच्या पातळीच्या वर जातो. क्लबलाही त्याचा उपयोग आहे, कारण तू गेल्यावर पुढचा इंटर्न हीच मॅट घेऊन उभा राहणार आहे.

आकड्यांखेरीज एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल तू विचारलं नाहीस आणि जी तुझ्यासमोर नक्की येणार, कदाचित आलीही असेल. ही मुलं तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान आहेत. कोचशी बोलायला घाबरतात, तुझ्याशी बोलतात. जॅकेट परत देताना एखादा हळूच म्हणतो, ‘मांडी दुखतेय दोन दिवस, पण सांगू नकोस ना, रविवारी मॅच आहे.’ तू ऐकून घेतलंस आणि गप्प राहिलास तर रविवारी स्नायू फाटू शकतो. लगेच जाऊन कोचला सांगितलंस तर तो मुलगा परत कधी तुला काही सांगणार नाही, आणि त्याचं बघून बाकीचेही.

अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं, त्या क्षणी सुचत नाही. मी माझ्या इंटर्नला सुरुवातीलाच सगळ्या संघासमोर सांगायला लावते की दुखण्याबद्दल मला जे कळेल ते फिजिओपर्यंत जाईल, बाकीचं माझ्याजवळ राहील. मग कोणी सांगितलंच तर त्याला म्हणायचं, ‘चल, आपण दोघं फिजिओंकडे जाऊ, तूच सांग, मी बरोबर उभा राहतो.’ नव्वद टक्के मुलं येतात, कारण त्यांना तेच हवं असतं, एकट्याने जायचं नसतं. नाही आला तर तू फिजिओला सांगायचं, कोचला नाही, आणि सांगणार आहेस हे त्या मुलाला आधी तोंडावर सांगायचं. घरचा त्रास, मारहाण, कोणाकडून होणारी लगट असलं काही कानावर आलं तर ते फिजिओचंही काम नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या सुरक्षेसाठी क्लबने नेमलेली व्यक्ती कोण, तिचा नंबर काय, हे तुला आज माहीत नसेल तर उद्या विचारून घे. अशी व्यक्तीच नेमलेली नसेल तर विद्यापीठातल्या तुझ्या मार्गदर्शकांना लगेच कळव.

याच ओघात आणखी एक. ‘ही पावडर चालते का रे?’ असं मुलं विचारणार. चालते म्हणू नकोस, घे म्हणू नकोस, स्वतःच्या डब्यातली तर मुळीच देऊ नकोस. उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हे नंतर. शिवाय खेळाडूंबरोबर काम करणाऱ्यांनाही ते नियम लागू होतात, विद्यार्थी असलास तरी. ‘डॉक्टरांना विचारू’ एवढंच उत्तर.

आता तुझी रास्त तक्रार. कपडे धुवायला नेणं, कोणाची तरी गाडी आणणं, ऑफिसातल्या छपाईची कामं हे अधूनमधून सगळेच करतात, मीही करते, सामन्याच्या दिवशी कोणी पद बघत नाही. पण आठवड्यातला बराच वेळ त्यातच जात असेल तर तो फुकट मजूर वापरण्याचा प्रकार आहे. सुरुवातीला विद्यापीठ, क्लब आणि तू यांनी सही केलेला करार बाहेर काढ. त्यात शिकण्याची उद्दिष्टं लिहिलेली असतात, दर आठवड्याला सुपरवायझरने किती वेळ द्यायचा तेही बऱ्याचदा असतं. तो कागद घेऊन, राग न आणता, सुपरवायझरकडे अर्धा तास माग. ‘मला काहीतरी चांगलं काम द्या’ असं म्हणू नकोस, त्याला उत्तर मिळत नाही. नेमकं माग: मंगळवारचा वॉर्म-अप तुमच्या देखरेखीखाली मी घेऊ का? उडीची चाचणी पूर्णपणे माझ्याकडे द्याल का? सकाळच्या वीस मिनिटांत मागे उभा राहून ऐकू का? या तिन्हींना क्लबला काही खर्च येत नाही. तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं, कारणही मिळालं नाही, तर मग विद्यापीठाकडे जा, आणि तेव्हा बदली मागितलीस तरी मी तुझ्या बाजूची.

याच्या उलटाही धोका आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. माणसं कमी पडली की काही क्लब इंटर्नला एकट्याने सराव घ्यायला लावतात, दुखापतीतून परत येणाऱ्या मुलाचं पळणं त्याच्यावर सोपवतात. मोठी जबाबदारी मिळाली म्हणून विद्यार्थी खूश. पण तुझा विमा, तुझी पात्रता, दोन्ही त्याला पुरत नाहीत. जवळ पात्र माणूस नसेल तर स्पष्ट नाही म्हणायचं. न जमल्यास ‘विद्यापीठाची परवानगी नाही’ असं म्हण, ते खरंच असतं.

नोंदवहीबद्दल फार बोलत नाही. अनुभवातून शिकण्यासाठीच्या गिब्सच्या १९८८ च्या चक्रातले सहा टप्पे तुला मथळ्यांसकट भरायला सांगितले असतील, भर. फक्त ‘संवादकौशल्य वाढलं, खूप शिकायला मिळालं’ असली वाक्यं नकोत. त्यापेक्षा असं लिही: ‘आज पाऊस होता, लोड कमी येईल असा माझा अंदाज होता. जास्त आला. मैदान छोटं केल्यामुळे थांबणं-वळणं वाढलं. पुढच्या वेळी मैदानाची लांबी-रुंदी नोंदवायची.’ अंदाज, घडलेलं, पुढचा बदल. असल्या वीस नोंदी वाचल्या की मला लिहिणारा कळतो. मुलाखतीला आलेल्यांना मी सॉफ्टवेअर कुठलं येतं ते विचारत नाही, ते आठवड्यात शिकवता येतं. ‘कुठला आकडा तू फेकून दिलास आणि का’, असं विचारते. बरेच जण गप्प होतात. जॅकेटं वाटलेला मुलगा सहसा गप्प होत नाही. नोकऱ्या मात्र या क्षेत्रात थोड्याच आहेत आणि इंटर्नशिप केली म्हणजे क्लब ठेवून घेईलच असं नाही. तसं कोणी तोंडी सांगितलं असेल तर त्यावर पुढच्या वर्षाचे बेत आखू नकोस.

उडीचा प्रोजेक्ट घ्यायचा ठरवलास तर एथिक्सचा, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला लागणाऱ्या परवानगीचा, अर्ज याच आठवड्यात टाक. रोजच्या कामासाठी क्लब घेतो ते आकडे वेगळे आणि तू पदवीसाठी वापरणार ते वेगळे, दुसऱ्याला स्वतंत्र संमती लागते आणि ती मागाहून घेता येत नाही. मुलं १८ च्या आतली, म्हणजे त्यांच्या होकाराबरोबर पालकांच्याही सह्या हव्यात. त्या कागदावर हे स्पष्ट लिही की कोणी नाही म्हटलं तर त्याच्या संघातल्या जागेवर काही परिणाम होणार नाही, आणि ते कोचकडूनही एकदा मुलांसमोर वदवून घे. बावीस सह्या गोळा करायला बावीस मुलांच्या उड्या मोजण्यापेक्षा जास्त दिवस जातात, तेव्हा फॉर्म छापून आधी गोलकीपरपासून सुरुवात कर. सरावानंतर जायची घाई त्यांना सगळ्यात कमी असते.